गावाचा कर्जनिधी: उभारणी, वाटप आणि वसुली

पेरणीच्या तोंडावर लागणारे दहा-वीस हजार रुपये रास्त व्याजाने आणि वेळेवर मिळणे ही अल्पभूधारक शेतकऱ्याची जुनी अडचण आहे. एवढ्या लहान कर्जासाठी कागदपत्रे तपासणे आणि वसुलीसाठी गावात फेऱ्या मारणे बँकेला परवडत नाही. महिला बचत गट आणि त्यांचा ग्रामसंघ यांच्या हातातील सामूहिक निधी ही गरज भागवू शकतो. महाराष्ट्रात त्यासाठीची बांधणी बऱ्याच अंशी तयार आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट डोळ्यांपुढे ठेवून देशात बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करत आहे, आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाचे काम आपल्याकडे ‘उमेद’ या नावाने चालते. पैसा गावापर्यंत पोहोचतो. तो फिरता ठेवणे मात्र अवघड जाते. पुढील मार्गदर्शन ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांसाठी, गटांच्या लेखनिकांसाठी आणि असा निधी नव्याने सुरू करू पाहणाऱ्या गावांसाठी आहे. त्यात सर्वाधिक भर हप्त्यांच्या आखणीवर दिला आहे, कारण थकबाकीचे मूळ बहुतेक वेळा कर्जदाराच्या हेतूपेक्षा चुकीच्या वेळी मागितलेल्या हप्त्यात असते.

पहिली पायरी: गावात कोणते कर्ज मिळत नाही, ते शोधा

निधी उभारण्यापूर्वी गटागटांच्या बैठकांत एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात घरात कोणाकडून, कशासाठी आणि कोणत्या दराने पैसे आणले? उत्तरे ऐकताना दोन बाबी वेगळ्या काढाव्यात. ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि जे विकास सोसायटीचे नियमित सभासद आहेत, त्यांना पीककर्ज स्वस्त मिळते. वेळेवर परतफेड केल्यास ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज केंद्र आणि राज्य शासनाच्या व्याज सवलतींमुळे महाराष्ट्रात बिनव्याजी पडते. अशा कुटुंबाला पीककर्जाऐवजी गावनिधीतून महाग कर्ज देणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. त्याला सोसायटीचा रस्ता दाखवणे, जुनी थकबाकी असल्यास ती मिटवण्यास मदत करणे, हेच निधीचे खरे काम ठरते.

दुसऱ्या बाजूला बटाईने किंवा खंडाने जमीन करणारे, नावावर जमीन नसलेल्या शेतकरी स्त्रिया, वाटणी न झालेल्या कुटुंबातील धाकटे भाऊ आणि नुकताच हातात एखादा धंदा घेतलेले तरुण यांच्यासाठी सोसायटीचे दार बंद असते. ते कृषी सेवा केंद्रात उधारी करतात. समजा, रोखीने ३,००० रुपयांना मिळणारी खते आणि बियाणे उधारीत ३,३०० रुपयांना पडतात आणि हिशेब पाच महिन्यांनी सुगीला चुकता होतो. दुकानदाराने ‘व्याज’ हा शब्द कधीच उच्चारलेला नसतो, पण पाच महिन्यांचे १० टक्के म्हणजे वर्षाचे २४ टक्के झाले. शिवाय उधारी त्याच दुकानाशी बांधून ठेवते आणि कधी कधी माल त्याच व्यापाऱ्याला घालण्याची अट सोबत घेऊन येते. गावनिधीने पहिले लक्ष या कुटुंबांकडे द्यावे.

दुसरी पायरी: कायद्याची चौकट निश्चित करा

चार सधन मंडळींनी पैसे एकत्र करून गावातील कोणालाही व्याजाने देणे, हेतू कितीही चांगला असला तरी, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कक्षेत येऊ शकते. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. त्याचप्रमाणे गावकऱ्यांकडून परताव्याचे आश्वासन देऊन ठेवी गोळा करणे अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्यात अडकू शकते. बचत गटाच्या सदस्यांनी ठरावीक मर्यादेत नियमितपणे भरलेल्या बचतीला त्या कायद्यात सवलत आहे.

यातून सरळ नियम निघतो: बचत सदस्याचीच घ्यावी आणि कर्ज सदस्यालाच द्यावे. बहुतेक गावांसाठी १० ते २० जणींचे गट आणि त्या गटांचा ग्रामसंघ ही रचना पुरेशी आणि सोयीची आहे. पुरुष आणि तरुण यांनाही थेट सभासद करून घ्यायचे असेल आणि उलाढाल मोठी असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली पतसंस्थेची नोंदणी हा मार्ग आहे. पण त्यासोबत निवडणुका, वैधानिक लेखापरीक्षण आणि उपनिबंधक कार्यालयाशी पत्रव्यवहार येतो. पाच-सात गटांच्या गावाने सुरुवातीलाच तिकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: भांडवल क्रमाने आणा

सुरुवात सदस्यांच्या स्वतःच्या बचतीने व्हावी आणि पहिले सहा महिने केवळ त्याच पैशातून अंतर्गत कर्जे द्यावीत. महिन्याला १०० रुपये भरणाऱ्या १२ जणींच्या गटाकडे सहा महिन्यांत ७,२०० रुपये जमतात. रक्कम लहान आहे, परंतु हप्ता मागणे, तो नाकारला गेल्यावर काय करायचे ते ठरवणे आणि व्याज काढणे याचा सराव याच पैशावर होतो, आणि चूक झालीच तर तीही लहान असते.

त्यानंतर उमेदकडून गटाला फिरता निधी मिळतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये तो १५,००० वरून ३०,००० रुपये केला. पुढे ग्रामसंघाकडे समुदाय गुंतवणूक निधी येतो, जो ग्रामसंघ गटांना आणि गट सदस्यांना कर्जाऊ देतात. ही रक्कम अनुदान म्हणून वाटून टाकण्यासाठी नसते. ती ग्रामसंघाकडे परत येऊन पुढच्या गटाला जायची असते. पहिल्याच सभेत ही बाब पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण सरकारी पैसा परत करायचा नसतो ही समजूत गावात खोलवर रुजलेली आहे. तिसऱ्या टप्प्यावर बँक येते. अभियानाच्या निकषांनुसार गटाला पहिले कर्ज त्याच्या एकूण निधीच्या सहापट किंवा १.५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्या मर्यादेत मिळू शकते, आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. बँक गटाची प्रतवारी करताना नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे या पाच गोष्टी पाहते.

चौथी पायरी: नियमावली लिहा आणि व्याजाचा दर समजून ठरवा

नियमावली दोन-तीन पानांची असावी, सभेत मोठ्याने वाचली जावी आणि ठरावाने मंजूर व्हावी. तिच्यात कर्जाची कमाल मर्यादा, एका घरात एका वेळी किती कर्जे, कर्ज मंजूर करणाऱ्या समितीची रचना, गणपूर्ती, व्याजदर, उशिराचा दंड आणि आपत्तीच्या वर्षी काय करायचे याची तरतूद हवी. समितीतील सदस्येच्या स्वतःच्या किंवा नातलगाच्या अर्जावर निर्णय होत असताना तिने बाहेर बसावे, हा नियम सुरुवातीला अवघडल्यासारखा वाटतो. पण अध्यक्ष आणि सचिवांच्या घरातच कर्जे फिरत आहेत अशी कुजबुज एकदा सुरू झाली की वसुली थंडावते.

व्याजाबाबत बरेच गट सवयीने शेकडा दोन रुपये महिना घेतात. हा दर वर्षाला २४ टक्के होतो, म्हणजे दुकानाच्या उधारीच्या वरील उदाहरणाइतकाच. तुलनेसाठी, शेतकऱ्यांना दिलेल्या विनातारण कर्जावर परवानाधारक सावकाराने घ्यायचा दर राज्य शासनाने २०१४ मध्ये वर्षाला १२ टक्के ठरवला होता. गटाचे व्याज गटातच राहते हा युक्तिवाद खरा आहे; मात्र ज्या सदस्या जास्त कर्ज घेतात त्या सहसा जास्त गरजू असतात, त्यामुळे चढ्या दराचा भार त्यांच्यावरच पडतो. शेतीसाठी महिना एक टक्का आणि इतर कारणांसाठी दीड टक्का असा दर ग्रामसंघाचा खर्च आणि राखीव निधी भागवून पुरतो का, हे आकडे मांडून तपासावे.

व्याज कमी होत जाणाऱ्या शिलकेवरच काढावे. २४,००० रुपये १२ महिन्यांसाठी, महिना एक टक्क्याने आणि दरमहा २,००० रुपये मुद्दल अशा हप्त्याने दिले, तर पहिल्या महिन्याचे व्याज २४० रुपये आणि शेवटच्या महिन्याचे २० रुपये होते; एकूण व्याज १,५६० रुपये. तेच मूळ रकमेवर सरसकट लावले तर २,८८० रुपये होते. दर दोन्हीकडे ‘एक टक्का’ असाच सांगितला जातो, आणि फरक मात्र १,३२० रुपयांचा पडतो. हे गणित प्रत्येक सदस्येला स्वतः करता आले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला प्रस्ताव, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्यामुळे, फेटाळला गेला होता. त्या स्त्रियांनी नंतर रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखवण्याची तयारी ठेवली, असे संस्थापक चेतना सिन्हा सांगत आल्या आहेत. लिहिता न येणे आणि हिशेब न कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचवी पायरी: अर्जाची छाननी घरी आणि शेतावर करा

अर्जात कारण, रक्कम आणि मुदत एवढेच असले तर तो अपुरा आहे. समितीच्या दोघी जणींनी घरी जाऊन कुटुंबाची वर्षभराची आवक-जावक महिनावार मांडावी: सोयाबीन कधी निघते, तूर कधी, दुधाचा पगार किती दिवसांनी होतो, मजुरी कोणत्या महिन्यांत मिळते, शाळेची फी आणि सणवार कधी येतात, सोनेतारण किंवा सूक्ष्म वित्त कंपनीचे हप्ते चालू आहेत का. शेवटचा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा, कारण दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीला देण्यासाठी गटाचे कर्ज घेतले जात असेल, तर ते कर्ज शेतात जाणारच नाही. जुने महाग कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज देणेही योग्य असू शकते, परंतु ते त्याच नावाने नोंदवावे, आणि पैसे थेट जुन्या सावकाराला देऊन त्याच्याकडून कर्ज मिटल्याची लेखी पावती घ्यावी.

सहावी पायरी: हप्ता आवकेच्या महिन्यात बसवा

सगळ्यांना सारखा मासिक हप्ता ठेवणे लेखनिकाला सोपे जाते, आणि निधी बहुधा याच सोयीपायी अडचणीत येतो. मराठवाड्यातील तीन एकरांवर सोयाबीन आणि तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या कुटुंबाला जून ते सप्टेंबर या काळात खर्चच खर्च असतो. त्या महिन्यांत मुद्दलाचा हप्ता मागितला, तर ती सदस्या शेजारणीकडून उसने आणून भरते. वहीत वसुली १०० टक्के दिसते आणि घरात कर्ज वाढत जाते.

याच कुटुंबाला जूनच्या सुरुवातीला २०,००० रुपये महिना एक टक्क्याने दिले, असे धरू. नोव्हेंबरपर्यंत दरमहा फक्त २०० रुपये व्याज घ्यावे. मजुरीतून तेवढे निघते आणि गटाशी संबंध टिकतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पैसे हाती आले की १२,००० रुपये मुद्दल घ्यावे. पुढचे तीन महिने ८,००० रुपयांवर ८० रुपये व्याज घेऊन, जानेवारीत निघालेल्या तुरीच्या पैशांतून फेब्रुवारीत उरलेले मुद्दल घ्यावे. आधीचे पाच महिने १,००० आणि नंतरचे तीन महिने २४०, असे एकूण व्याज १,२४० रुपये होते.

दुभत्या जनावरासाठीच्या कर्जाची आखणी अगदी उलट असते. अनेक भागांत दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, त्यामुळे तेथे लहान आणि जवळजवळचे हप्ते सोसतात. परंतु गाय आटल्यावर हप्ता थांबवण्याची सोय आधीच करारात लिहून ठेवावी. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो, शिवाय करडे विक्रीयोग्य व्हायला काही महिने लागतात. म्हणून पहिल्या वर्षी मुद्दल मागण्यात अर्थ नाही, आणि पहिली मोठी वसुली बकरी ईदच्या आधीच्या बाजाराला जोडता येते. भाजीपाला करणाऱ्याला तीन-चार महिन्यांचे लहान कर्ज वर्षातून दोनदा देणे, एक मोठे कर्ज देण्यापेक्षा बरे. आडसाली उसाला तर तोडणीपर्यंत सतरा-अठरा महिने जातात, आणि इतका वेळ गावनिधीचा पैसा अडकवू नये. ते काम सोसायटीचे आणि कारखान्याचे आहे.

सुगीला भाव पडलेला असताना केवळ गटाचे कर्ज फेडण्यासाठी माल विकायला लावणे टाळावे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सहभागी बाजार समित्या सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के वार्षिक व्याजाने देतात. ग्रामसंघाने आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का हे विचारून पाच-सहा जणींचा माल एकत्र नेण्याची व्यवस्था केली, तर गटाची वसुलीही होते आणि माल घाईने विकावा लागत नाही.

सातवी पायरी: तरुण उद्योजकाचे कर्ज वेगळ्या निकषाने तपासा

गटाची सदस्या आई असते आणि धंदा मुलगा किंवा मुलगी करणार असते. अशा वेळी कर्ज आईच्या नावावर जाते आणि परतफेडीची जबाबदारीही तिचीच राहते, हे तिला एकटीला बसवून समजावून सांगावे. मुलाला समितीपुढे स्वतः यायला लावावे आणि हिशेब त्यानेच मांडावा. तो मांडता आला नाही तर अर्ज फेटाळण्याऐवजी महिनाभर रोजची विक्री आणि खर्च लिहून आणायला सांगावे. लिहून आणणाऱ्याचा धंदा चालण्याची शक्यता अधिक, असा माझा विश्वास आहे.

यंत्रसामग्री आणि खेळते भांडवल यांत फरक करावा. दुचाकी दुरुस्तीच्या दुकानासाठी लिफ्ट आणि कॉम्प्रेसर बँकेच्या कर्जातून घेता येतात. मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ गटात बसते आणि त्याला तारण लागत नाही. सुट्या भागांचा साठा मात्र सतत फिरत असतो, आणि गावनिधी तेथे उत्तम उपयोगी पडतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, आणि विशेष प्रवर्गांना व स्त्रियांना ५ टक्के, रक्कम स्वतःची घालावी लागते. या स्वतःच्या हिश्श्यातील कमी पडणारा भाग निधीतून देता येईल, परंतु तो संपूर्ण कर्जातून उभा राहू नये. अशा योजनेत अनुदान मिळताच गटाचे पैसे फेडू, असे तरुण हमखास सांगतात. ते अनुदान बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि त्यानंतर कर्जखात्यात वळते होते. हाती रोख कधीच येत नाही. म्हणून परतफेड धंद्याच्या विक्रीतूनच होईल अशी आखणी करावी, पहिले तीन महिने फक्त व्याज घ्यावे आणि मूळ रक्कम दोन टप्प्यांत द्यावी: पहिल्या टप्प्याचा माल विकल्याच्या नोंदी पाहून दुसरा.

आठवी पायरी: पैसा खात्यातून द्या, हिशेब सभेत वाचा

कर्ज गटाच्या खात्यातून सदस्येच्या खात्यातच जावे. ते कशासाठी वापरले याची पावती पंधरा दिवसांत घ्यावी आणि समितीतील एकीने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. इतिवृत्त, रोकड वही, कर्ज खतावणी आणि प्रत्येकीचे पासबुक एवढ्या वह्या पुरतात, पण बैठक संपण्यापूर्वी त्या पूर्ण झाल्या पाहिजेत. ‘घरी जाऊन लिहिते’ ही सवय पहिल्या दिवसापासून मोडावी. दर बैठकीत लेखनिकाने मागणी, वसुली आणि बाकी नावासह वाचावी.

ग्रामसंघाने आणखी एक आकडा दरमहा काढावा: ज्या कर्जांचा हप्ता एक महिन्याहून अधिक थकला आहे, त्या कर्जांची संपूर्ण उरलेली रक्कम. समजा, एकूण येणे ५ लाख रुपये आहे आणि थकलेले हप्ते केवळ ९,००० रुपयांचे आहेत. पण ते हप्ते ज्या कर्जांचे आहेत त्यांची शिल्लक ६०,००० रुपये असेल, तर निधीचा १२ टक्के भाग धोक्यात आहे. फक्त थकलेले हप्ते पाहिले तर दोन टक्क्यांहूनही कमी थकबाकी दिसते आणि सगळे निर्धास्त राहतात.

नववी पायरी: थकबाकी आणि दुष्काळ यांना वेगवेगळी उत्तरे

हप्ता चुकला की त्याच आठवड्यात घरी जाऊन कारण समजून घ्यावे. आजारपण किंवा जनावर दगावणे हे कारण असेल, तर ठराव करून हप्ते पुन्हा बांधून द्यावेत. क्षमता असूनही भरत नसेल, तर त्या गटाला नवे कर्ज थांबवावे. भांडी उचलून आणणे, घरासमोर बसून राहणे, चारचौघांत अपमान करणे असले मार्ग निधीला कायमचा डाग लावतात आणि त्यातून कधी कधी एखाद्या घरात अनर्थ घडतो. ते नियमावलीतच निषिद्ध ठरवावेत.

संपूर्ण गाव संकटात सापडते तेव्हा प्रश्न वेगळा असतो. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा वर्षी गावनिधीचे सगळे कर्जदार एकाच वेळी अडचणीत येतात. त्यासाठी नियमावलीत आधीच लिहावे की दुष्काळ जाहीर झाल्यास शेतीकर्जाचे मुद्दल पुढील हंगामावर जाईल आणि व्याज अर्ध्यावर येईल. एका पिकासाठी निधीच्या निम्म्याहून अधिक रक्कम जाऊ देऊ नये, कर्जातून घेतलेल्या जनावराचा विमा उतरवावा, आणि मिळालेल्या व्याजाचा काही भाग राखीव म्हणून बँकेत मुदत ठेवीत ठेवावा.

कर्जमाफीच्या चर्चेचाही वसुलीवर परिणाम होतो. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफी योजना बँका आणि सोसायट्यांच्या कर्जांसाठी होत्या. गटाचा पैसा हा सदस्यांच्या बचतीचा आहे आणि त्याला माफी लागू होत नाही, हे निवडणुकीचे वारे वाहू लागण्याआधीच सभेत सांगून इतिवृत्तात नोंदवावे.

दहावी पायरी: वर्षअखेरीची तपासणी

३१ मार्चनंतर महिनाभरात दुसऱ्या गावाच्या ग्रामसंघातील लेखनिकाकडून वह्या तपासून घ्याव्यात आणि शक्य असल्यास सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करावे. प्रत्येक सदस्येचे पासबुक खतावणीशी जुळवून पाहणे हा या तपासणीचा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. तो नमुन्यापुरता करू नये. व्याजाच्या उत्पन्नातून खर्च आणि राखीव रक्कम वजा करून उरलेले वाटायचे की भांडवलात मिळवायचे, याचा निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यावा. पहिली तीन वर्षे ते भांडवलात मिळवावे, आणि प्रत्येकीच्या वाट्याला आलेली रक्कम तिच्या पासबुकात तिच्या नावे जमा दाखवावी. पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदलावेत. जुन्या सचिवाने नव्या सचिवासोबत तीन बैठका बसून वह्या, धनादेश पुस्तक, बँकेतील सह्यांचे नमुने आणि चालू कर्जांची यादी लेखी स्वरूपात सोपवावी.